टिनकप तळ्यावरचा सभ्य चोर

“यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो,” आन्सगर मोएन म्हणाला. “माझा स्वतःचा बसायलाच रविवारचा सोमवार उजाडला. ते तुमचं यंत्र चालू आहे ना, बाई? नाहीतर एवढी चांगली हकिगत वाया जायची.”

“चालू आहे,” कॉरीन ड्रॅगसेथ म्हणाली, आणि तिने टेपरेकॉर्डर बशीपासून थोडा लांब सरकवला.

कॉरीनला विमा कंपनीने धाडलं होतं. चोरीला गेलेल्या गाड्यांचे दावे तपासायचे हे तिचं काम, आणि त्यातले चोरीला न गेलेल्या गाड्यांचे दावे हुडकून काढायचे, हे त्यातलं खरं काम. जबानी घ्यायला तिने एकांतातली जागा मागितली होती. आन्सगरची बायको थोरा हिचं तळ्याकाठी कॉफीचं दुकान होतं. थोरा म्हणाली, “हाच एकांत. बाहेर थंडी आहे.” तेव्हा खिडकीजवळच्या लांब टेबलाशी जबानी सुरू झाली, आणि सकाळच्या कॉफीला रोज येणारी सगळी मंडळी आपापल्या खुर्च्या ओढून, आपण ऐकतच नाही असा चेहरा करून, भोवती बसली.

गाडी कुठे आहे याबद्दल वाद नव्हताच. खिडकीतून बोट दाखवता येत होतं. पलीकडे, जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे, गोठलेल्या बर्फातून एक अँटेना टीचभर वर आली होती आणि तिच्या टोकाला थोराने विणलेला पिवळ्या लोकरीचा गोंडा वाऱ्यावर डुलत होता. आन्सगरची निळी स्टेशन वॅगन त्या गोंड्याच्या बरोबर खाली उभी होती. प्रश्न एवढाच होता, की तिला तिथवर नेलं कुणी.

चोर कोण, हे आन्सगरला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याने त्याला आरशात पाहिलं होतं. रविवारी थोरा चर्चमध्ये गायला निघाली, तेव्हा घसा बसल्याचं सोंग करून हा घरी राहिला. तिची पाठ वळते न वळते तोच गळ घेऊन, गाडीत बसून तळ्यावर. मासे लागले. असे लागले की वेळेचं भान राहिलं नाही. शेवटच्या भजनाच्या आत घर गाठायचं म्हणून त्याने जवळची वाट धरली, थेट ओढ्याच्या मुखावरून. तिथे खालून पाणी वाहतं, बर्फ कधी धड धरत नाही, आणि लोकांनी तिकडे फिरकू नये म्हणून खुद्द आन्सगरनेच तिथे स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवून ठेवल्या होत्या. त्या फांद्यांच्या मधोमध गाडी खाली गेली. हा खिडकीतून निसटला, ओलाचिंब घरी आला, आणि थोराने दारात “काय झालं?” म्हणून विचारलं तेव्हा जे पहिलं वाक्य तोंडाला आलं ते त्याने सोडून दिलं.

“गाडी चोरीला गेली.”

थोरा सरळ बाई, भिजलास कसा हेही तिने विचारलं नाही. त्याने बूट काढायच्या आत तिने शेरीफला फोन केला होता, आणि मोजे काढायच्या आत विमा कंपनीला.

आता खरं सांगून मोकळं व्हायला त्याला कुणाची बंदी होती? तर होती. गिरमिटाची.

हे गिरमिट म्हणजे बर्फात भोक पाडायचं, पुरुषभर उंचीचं, लाकडी मुठीचं हत्यार. टिनकप तळ्यावर दर हिवाळ्याला एकच माणूस ते घेऊन फिरतो, जागोजागी भोकं पाडतो, आणि सांगतो: इथे पोरांनी खेळावं, इथे गाडी चालेल, तिथे कुत्र्यानेही जाऊ नये. त्याच्या शब्दापुढे पाद्रीही बोलत नाही. नियम एकच. ज्या गिरमिटवाल्याची स्वतःची चाकं पाण्यात गेली, त्याने त्याच दिवशी गिरमिट खाली ठेवायचं. आन्सगरच्या आधी ते एल्रॉय स्टेनरूडकडे होतं. एका वसंतात एल्रॉयचा पिकअप तळ्यात गेला. एल्रॉयने मुकाट्याने गिरमिट खाली ठेवलं, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी याच टेबलाशी बसून कॉफीत साखर ढवळत आन्सगरच्या चाकांकडे बघत आला होता.

म्हणजे चोराने गाडी बुडवली तर गिरमिट राहणार. आन्सगरने बुडवली तर जाणार. ते आत्ता त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभं होतं आणि त्याचा एक हात मुठीवर होता.

“एक सांगून ठेवते, मिस्टर मोएन,” कॉरीन म्हणाली. “टेप चालू आहे तोवर ही तुमची गोष्ट. शेवटी ‘हे सगळं खरं आहे’ म्हणालात, की ती माझी झाली. मग ती खोटी निघाली तर प्रकरण कोर्टापर्यंत जातं. आत्ता ‘दावा मागे घेतो’ म्हणालात तर मी ही कॉफी पिऊन घरी जाईन.”

आन्सगरने गिरमिटाकडे पाहिलं. एल्रॉयकडे पाहिलं. एल्रॉय साखर ढवळत होता.

“सांगतो,” आन्सगर म्हणाला. “दोन पोरं होती. शहरातली. टोकदार बूट, कानावर टोपी नाही, तोंडात सिगारेट. मी खिडकीतून पाहतोय तोवर गराजमध्ये शिरली, गाडीत बसली आणि धूम.”

“धूम?”

“धूम.”

“वायर ओढून?”

“कुठली वायर?”

“तुमच्या इंजिनाची. रात्री विजेला लावून ठेवता ना?”

“ठेवतो तर! असल्या थंडीत नाही ठेवली तर सकाळी इंजिनाचा दगड होतो. तुम्ही कुठल्या?”

“मी इथलीच. रोझो नदीपलीकडे आमच्या गाई आहेत,” कॉरीन म्हणाली. “म्हणूनच तर आधी तुमच्या गराजमध्ये गेले. वायर काढून, हातावर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून, खिळ्याला टांगलेली होती. पिन जमिनीला लागू नये म्हणून आत खोचलेली. मी तोडलेल्या वायरी पाहिल्यात, फरफटत नेलेल्या पाहिल्यात. एक महाशय तर वायरीसकट भिंतीचा तुकडा घेऊन गेले होते. पण वायर गुंडाळून ठेवणारा चोर काही अजून भेटला नाही.”

टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने जन्मभर वायर अशीच गुंडाळली होती. घराला आग लागली असती तरी आधी वायर गुंडाळून मग ते पळाले असते. आन्सगरच्या हातांनी रविवारी तेच केलं होतं, त्याला न विचारता. एल्रॉयचा चमचा थांबला आणि त्याच्या मिशीचा एक कोपरा हळूच वर चढला.

“काय रे आन्सगर,” तो म्हणाला, “शहरातल्या पोरांना वळण चांगलं आहे!”

आन्सगरने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली, की थोराने गल्ल्यामागून मान वर करून पाहिलं. लग्नाआधीपासून ती हा चेहरा ओळखत होती. आता हा मोठ्या थापेवर येणार.

“म्हणूनच मी म्हणालो, विश्वास बसणार नाही,” आन्सगर म्हणाला. “शहरातली पोरं मी उगीच घातली. त्या बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून. चोर एकच होता आणि तो आपल्याकडचाच होता. चांगल्या घरातला.”

“ओळखीचा?” कॉरीनने विचारलं.

“माणूस ओळखीचा नव्हता. वळण ओळखीचं होतं. त्याने दार वाजवलं.”

“चोराने?”

“दोनदा, हलक्या हाताने. मी उघडलं, तर पायपुसण्यावर बूट पुसत उभा. टोपी हातात. म्हणाला, ‘त्रास देतोय, माफ करा हं. गाडी चोरायला आलो होतो. पण तुमच्या सोयीची वेळ नसेल तर मी पुन्हा येईन.’”

टेबलावर पहिला हशा फुटला. कॉरीनने ओठ घट्ट मिटले. जबानी घेताना हसायचं नाही, असा कंपनीचा दंडक होता.

“आणि तू काय म्हणालास?” एल्रॉयने विचारलं.

“काय म्हणणार? बाहेर हाडं फोडणारी थंडी, माणूस दारात उभा. म्हटलं आत या. कॉफी घेता का?”

“आणि तो लगेच हो म्हणाला?” गल्ल्यामागून थोराने टोकलं.

“शोभतं का तुला हे बोलणं, थोरा? सांगितलं ना चांगल्या घरातला. नको म्हणाला. मी म्हटलं घ्या. नको म्हणाला. मी म्हटलं केलेलीच आहे. म्हणाला, तुम्हाला कमी पडेल. मग म्हणाला, बरं, अर्धा कप. आणि किटली रिकामी करून उठला.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. एवढं तरी पटण्यासारखं होतं.

“तुझ्या रूबार्बच्या वड्या होत्या ना गं ताटलीत?”

“एकच उरली होती.”

“तीच. आता शेवटची वडी कोण उचलणार? त्याने अर्धी कापून घेतली. मी उरलेल्यातली अर्धी घेतली. त्याने त्याच्यातली अर्धी घेतली. असं करत करत ताटलीत शेवटी मुंगीच्या डोक्याएवढा कण राहिला. त्याच्याकडे बघत आम्ही दोघं कितीतरी वेळ बसून होतो. तो कण अजून तिथेच असेल.”

“ताटली मी घासली,” थोरा म्हणाली.

“घासलीस?” आन्सगर यंत्राकडे वाकला. “नोंद असू द्या, बाई. पुरावा माझ्या बायकोने घासला.”

कॉरीनने खिडकीबाहेर पाहिलं आणि दोनदा खोकली. मग आवाज सावरून म्हणाली, “मिस्टर मोएन, तुम्ही त्याला गाडी न्यायची परवानगी दिली असेल, तर ती चोरीच होत नाही. दावा तिथेच संपला.”

हा फास होता आणि आन्सगरला तो दिसला. त्याने गिरमिटाची मूठ घट्ट धरली.

“परवानगी? छे छे! मी त्याला स्वच्छ म्हणालो, ‘हं. ही एक वेगळीच कल्पना आहे.’”

“अरे बाप रे,” टेबलावरून कुणीतरी हळहळलं.

“इतकं तोडून बोलायला नको होतं,” दुसरं कुणी म्हणालं. टिनकप तळ्यावर याहून कडक नकार नसतो.

“माझी आई असं फक्त एकदा म्हणाली होती,” कॉरीनच्या तोंडून निसटलं. “माझ्या पहिल्या नवऱ्याला पाहून.” आणि ती हसली. कंपनीचा दंडक दाराबाहेर बर्फात जाऊन पडला.

“तोही बिचारा वरमला,” आन्सगरच्या जिभेचा पट्टा आता चांगलाच सुटला होता. “म्हणाला, ‘तुमचं बरोबर आहे, पण मी आता चोरायचं ठरवूनच निघालोय, तर चोरतो.’ आणि निघाला. निघाला म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे. आधी मांडीवर थाप मारून ‘बरं तर’ म्हणाला. मग उठला. मग उभ्याउभ्या आम्ही हवेबद्दल बोललो. मग दारात त्याने माझ्या बहिणीच्या गुडघ्याची चौकशी केली. मग ओट्यावर, मग गराजमध्ये. वायर काढली आणि गुंडाळता गुंडाळता मला विचारतो, ‘तुम्ही हातावर गुंडाळता की कोपरावर?’ मी म्हटलं, हातावर. म्हणाला, ‘आमचे वडीलही हातावरच.’ गाडीत बसला, काच खाली केली आणि पुन्हा हवेवर आलो. चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन संपलं असेल, पण आमचा निरोप संपेना.”

लोक आता उघड उघड हसत होते. कोपऱ्यातला म्हातारा डोळे पुसत होता. एल्रॉय मात्र पुढे सरकला. त्याने कोपरं टेबलावर टेकली.

“सगळं ऐकलं,” तो म्हणाला. “आता हे सांग. चांगला डांबरी रस्ता सोडून तुझा चोर तळ्यावर का गेला?”

“रस्ता चर्चसमोरून जातो, एल्रॉय. प्रार्थनेच्या वेळी चोरीची गाडी चर्चवरून न्यायची? बरं दिसतं का?”

“ठीक. तळ्यावर गेला. पण तळं केवढं, आणि बर्फ जाडजूड. तूच शनिवारी सांगितलंस. मग नेमका ओढ्याच्या मुखावरच कसा? तिथे तुझ्या फांद्या रोवलेल्या होत्या की नव्हत्या?”

“होत्या. माझ्या हाताने रोवलेल्या. त्याला दिसतही होत्या. पण समोरून कोल्हा आला.”

“कोल्हा!”

“कोल्हा. आता वाटेत समोरून कुणी आलं तर आपण काय करतो? चोराने गाडी थांबवली आणि हाताने खूण केली, आधी तुम्ही. पण कोल्हाही आपल्याच तळ्यावरचा. तो बसला खाली. म्हणाला, छे, आधी तुम्ही. चोर जरा बाजूला सरकला. कोल्हाही त्याच बाजूला सरकला. पुन्हा आधी तुम्ही. पुन्हा नाही, आधी तुम्ही. असे एकमेकांना वाट देत देत दोघं सरकत गेले, सरकत गेले, ते थेट फांद्यांच्या आत. कोल्हा हलका, तो वाचला. गाडी गेली.”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची खुर्ची मागे कलंडली आणि दोघांनी त्याला पकडलं. थोराने तोंडाला फडकं लावलं होतं. कॉरीन टेबलावर डोकं टेकून हसत होती, तिचे खांदे गदगदत होते, आणि यंत्र आपलं इमानाने फिरत होतं.

आन्सगरने श्वास सोडला. जमलं होतं. बर्फ चांगलंच होतं, फांद्या योग्य जागी होत्या, आणि बुडाला तो चोर. गिरमिटाला धक्का नव्हता.

कॉरीनने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि चेहरा पुन्हा कामाचा केला. “गाडी बुडाली हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“काठावरून. अंगात घरातला झगा, हातात कप.”

“आणखी काही सांगायचंय? नसेल तर तेवढं म्हणा, ‘हे सगळं खरं आहे’. मी टेप थांबवते.” तिचं बोट बटणावर होतं. तिचे डोळे मात्र त्याला सांगत होते, म्हातारबा, म्हणू नका.

एल्रॉयने सुस्कारा टाकून खुर्चीला पाठ टेकली. हरलेल्या माणसासारखा तो पुन्हा साखर ढवळायला लागला.

आन्सगरने तोंड उघडलं. म्हणायचं होतं एवढंसं वाक्य. पण रविवारपासून त्याच्या पोटात एक गोष्ट होती. थोराला सांगता येत नव्हती, भिंतीला सांगता येत नव्हती. चोर, कोल्हा, वडी ही सगळी तोंडीलावणी. जेवण अजून भांड्यातच होतं. आणि समोर इतके कान इतक्या आशेने बसलेले त्याने जन्मात पाहिले नव्हते.

“थांबा,” तो म्हणाला. “बुडतानाचं तर राहिलंच.”

कॉरीनचं बोट मागे आलं.

“लोकांना वाटतं बर्फ कडाडून मोडतं. नाही. उसासा टाकतं. दमून खुर्चीत बसणाऱ्या बाईसारखं. मग गाडी नाक खाली घालते. पाणी आधी पायाशी नाही येत, हीटरच्या जाळ्यांतून येतं, आणि पहिला सपका चक्क कोमट लागतो. पुढचे दिवे पाण्यात जातात पण विझत नाहीत. सगळं हिरवं होतं. हिरव्या बाटलीत बसल्यासारखं. चोराने काच आधीच खाली केलेली होती, म्हणून तो सुटला. पण सुटायच्या आधी तो क्षणभर तसाच बसून राहिला. हात चाकावर. तोंड उघडं.”

टेबलावर कुणी हसत नव्हतं. सगळे त्या हिरव्या बाटलीत बसले होते.

“का बसला?” थोराने हळू विचारलं.

“कारण वायपर सुरू झाले.”

एल्रॉयचा चमचा कपात वाजला आणि थांबला.

“कुणी बटण दाबलं नाही, काही नाही. काच पार पाण्याखाली गेली आणि ते आपोआप सुरू झाले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जसं काही सबंध तळं पुसून काढायचं त्यांनी मनावर घेतलंय. तेवढ्यात दिव्यांच्या उजेडात एक वॉलआय मासा आला, हा एवढा. काचेला तोंड लावून आत बघायला लागला. वायपर आला की त्याला अदबीने बाजूला सारायचा. तो पुन्हा यायचा. पुन्हा बाजूला. आणि मरायची ती काय भीती असते ना, ती पार पळाली. असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा कुठे आठवलं की आपल्याला बाहेर पडायचंय—”

खुर्ची धाडकन मागे पडली. एल्रॉय उभा होता. त्याचे कान लाल झाले होते, डोळे पाण्याने भरले होते, आणि इतक्या वर्षांत या टेबलाने न पाहिलेलं हसू त्याच्या मिशीखालून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलं होतं.

“खोटारड्या!” तो ओरडला. “काठावरून कुणाला वायपर दिसतात रे? काच पाण्याखाली गेल्याशिवाय ते सुरूच होत नाहीत! ते फक्त आत बसलेल्याला दिसतं, आणि मी बसलो होतो! बायकोलासुद्धा सांगितलं नाही मी कधी, वेडा म्हणेल म्हणून! कसला चोर आणि कसला कोल्हा, गाडीत तू होतास, आन्सगर, तू! ठेव ते गिरमिट खाली, आणि आधी मला हे सांग, तुझेही डावीकडूनच सुरू झाले का रे?”